बगदाद नक्की कोणी उद्ध्वस्त केलं, हुलागूने की तैमूरने?

दोघांनीही, पण मधे १४३ वर्षं गेलीयेत. कवट्यांच्या मनोऱ्यांची गोष्ट सांगायची आणि साल १२५८ टाकायचं हे वारंवार दिसतं, ते चूक आहे.

१२५८ वाला हुलागू, चंगेझ खानाचा सख्खा नातू. मोठा भाऊ मोंगके तेव्हा मंगोलांचा सम्राट, त्यानेच याला पश्चिमेकडे पाठवलेलं. बगदादचा अब्बासी खलिफा (मुस्लिम जगाचा प्रमुख) अल-मुस्तासिम धड शरणही गेला नाही आणि धड तयारीही केली नाही, त्याचं सैन्य बाहेर लढायला आलं तर मंगोलांनी त्यांच्या मागचे कालव्यांचे बांध फोडले, पाण्यात अडकवून कापून काढलं आणि मग वेढा घातल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १० फेब्रुवारीला, शहर शरण आलं. तरी कत्तल झालीच. हुलागूने स्वतः फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात २ लाखांवर माणसं मेल्याचं म्हटलंय. खलिफाला गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं म्हणतात, कारण राजघराण्यातल्या माणसाचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही ही मंगोलांची रीत. नदीत फेकलेल्या पुस्तकांच्या शाईने टायग्रिस काळी झाली ही कथाही याच वेळची. पुस्तकं प्रचंड गेली, पण हुलागूसोबत असलेल्या नसीरुद्दीन तुसी या खगोलशास्त्रज्ञाने बरीच वाचवून इराणमधल्या मराघाच्या वेधशाळेत नेली हेही सांगायला हवं ना, ते कोणी सांगतच नाही.

१४०१ वाला तैमूर, मध्य आशियातला सत्ताधीश, चंगेझच्या वंशातला नव्हताच, त्या घराण्याचा जावई होता फक्त. तुर्की बोलणारा आणि मुसलमान. त्याच्या वेळी बगदादमधे खलिफा नव्हता, सुलतान अहमद जलायरचं राज्य होतं आणि तो आधीच पळालेला. साधारण ४० दिवसांचा वेढा, तोही ऐन जुलैच्या उन्हात, इतकं की पहारेकरी आपली शिरस्त्राणं काठ्यांवर अडकवून तटावर ठेवायचे आणि दुपारी घरी जायचे म्हणे, तैमूरने नेमका भरदुपारी हल्ला केला. मग प्रत्येक सैनिकाने मुंडकं आणायचं असा हुकूम सुटला, त्यातून १२० मनोरे रचल्याचं सांगतात. मशिदी आणि मदरसे तेवढे सोडले, बाकी पाडलं.

माझ्या मते १२५८ चा घाव जास्त खोल, तिथे ५०० वर्षांची अब्बासी खिलाफत बगदादमधून कायमची संपली. १४०१ नंतर मात्र तैमूर निघून गेला आणि तोच पळालेला सुलतान अहमद बगदादला परत आला.