स्वाहिलीतील विशेषणे व स्वामित्वदर्शके

टांझानिया, केनिया आणि आसपासच्या देशांत बोलल्या जाणाऱ्या स्वाहिली या बांटू भाषेत विशेषण नामानंतर येते आणि नामाच्या वर्गाप्रमाणे त्याचा उपसर्ग बदलतो. मराठीत 'मोठा, मोठी, मोठे' हा फरक लिंगानुसार शब्दाच्या शेवटी पडतो. स्वाहिलीत व्याकरणिक लिंग नसून नामांचे वर्ग आहेत. 'कुब्वा' म्हणजे मोठा. त्यावरून 'म्तोतो म्कुब्वा' (मोठे मूल), 'वातोतो वाकुब्वा' (मोठी मुले), 'मिती मिकुब्वा' (मोठी झाडे) अशी रूपे होतात. 'न्युंबा कुब्वा' (मोठे घर) यात मात्र उपसर्ग दिसत नाही.

या वर्गव्यवस्थेचा जोर 'किताबु' (पुस्तक) या शब्दात सर्वांत स्पष्ट दिसतो. अरबी 'किताब'मधील 'कि' हा मूळ शब्दाचाच भाग. पण स्वाहिलीत तो वर्गाचा उपसर्ग मानला गेला आणि अनेकवचन 'विताबु' झाले. म्हणून 'किताबु किकुब्वा', पण 'विताबु विकुब्वा'. अरबीतून आलेली पुष्कळ विशेषणे मात्र अविकारी राहिली : 'साफी' (स्वच्छ), 'तायारी' (तयार), 'घाली' (महाग), 'राहिसी' (सोपे, स्वस्त). मराठीतील 'साफ' आणि 'तयार' हे त्यांचे सगोत्र शब्दही अविकारीच आहेत, हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे.

स्वामित्वदर्शकांची मुळे सहा : 'अंगु' (माझा), 'आको' (तुझा), 'आके' (त्याचा, तिचा), 'एतु' (आमचा, आपला), 'एनु' (तुमचा) आणि 'आओ' (त्यांचा). मराठीप्रमाणेच यांचे रूप मालकावर नव्हे, तर मालकीच्या वस्तूवर ठरते. त्यामुळे मराठी भाषकाला ही रचना परकी वाटत नाही. 'जिना लांगु' म्हणजे माझे नाव, 'किताबु चांगु' म्हणजे माझे पुस्तक आणि 'विताबु व्यांगु' म्हणजे माझी पुस्तके. 'न्युंबा' हे नाम दोन्ही वचनांत सारखेच असल्याने 'न्युंबा यांगु' (माझे घर) आणि 'न्युंबा झांगु' (माझी घरे) यांतील वचन केवळ स्वामित्वदर्शकावरून कळते. विशेषण व स्वामित्वदर्शक एकत्र आले की स्वामित्वदर्शक आधी येते : 'किताबु चांगु किप्या', म्हणजे माझे नवे पुस्तक.

जिवलगांच्या बाबतीत हा नियम गुंतागुंतीचा होतो. 'राफिकी यांगु म्कुब्वा' (माझा मोठा मित्र) यात स्वामित्वदर्शक 'न्युंबा'च्या वर्गाप्रमाणे, तर विशेषण माणसांच्या वर्गाप्रमाणे चालते. 'म्वाना वांगु' (माझे अपत्य) हे तर बोलता बोलता जुळून 'म्वानांगु' असा एकच शब्द होतो.