जागतिक ज्युनिअर स्पर्धेतली मुलग्यांची हर्डल्स

वीस वर्षांखालच्या खेळाडूंची जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा १९८६ ला अथेन्समध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून दर दोन वर्षांनी होते, फक्त नैरोबीची कोविडमुळे २०२० ची २०२१ ला गेली. तिच्यात मुलग्यांच्या हर्डल्सच्या, म्हणजे वाटेतले अडथळे उडी मारून ओलांडायच्या, दोन रेस असतात, ११० मीटर आणि ४०० मीटर. स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १९ च्या वर नको एवढीच वयाची अट वरच्या बाजूने. अधिकृत नाव आता अंडर-ट्वेंटी झालंय, पण मैदानावर सगळे अजून ज्युनिअरच म्हणतात, म्हणून इथेही तसंच.

११० मीटरमध्ये दहा हर्डल्स. स्टार्टपासून पहिला १३.७२ मीटरवर, मग दोघांमध्ये ९.१४ मीटरची गॅप, आणि शेवटच्या हर्डलपासून फिनिश १४.०२ मीटर. हे असले विचित्र आकडे यार्डांच्या काळातून आलेत, मूळ रेस १२० यार्डांची होती, पंधरा यार्डांवर पहिला हर्डल आणि पुढे दहा-दहा यार्डांवर एकेक, नंतर मीटर आले तेव्हा हर्डल्स जागच्या जागी ठेवले आणि वाढलेलं थोडंसं अंतर शेवटी जोडून टाकलं. ही अंतरं ज्युनिअरला आणि सिनिअरला सारखीच, फरक फक्त उंचीचा. सिनिअर हर्डल १०६.७ सेंटीमीटर, ज्युनिअर ९९.१, आणि अठराखालच्यांचा ९१.४.

ऐकायला साडेसात सेंटीमीटर काहीच नाही वाटत, पण सगळी रेस त्यावरच फिरते. पोरगा हर्डलच्या साधारण दोन मीटर अलीकडे उडतो आणि पलीकडे दीडएक मीटरच्या आत उतरतो, म्हणजे ९.१४ मधले साडेपाच-पावणेसहा मीटरच पळायला उरतात आणि त्यात तीनच पावलं बसवायची. एकेक पाऊल दोन मीटरच्याही आत आलं, आणि चांगल्या स्प्रिंटरचं मोकळं पाऊल तर दोन मीटरच्या वर जातं! त्यामुळे उंच आणि फास्ट पोराला गॅप कमी पडते, त्याला पावलं आखडून पण वेगात टाकावी लागतात, आणि बुटक्या पोराची तीच गॅप संपता संपत नाही. हर्डल खाली आला की हवेतला वेळ वाचतो, कंबर फार वर न्यावी लागत नाही, वेग टिकतो, मग ट्रेल लेग, म्हणजे हर्डलवरून मागून येणारा पाय, जरा आळशी असला तरी खपून जातं. तोच मुलगा वर्षभरात सिनिअरमध्ये गेला की तो आळस उघडा पडतो, गुडघा हर्डलला लागतो, लय तुटते. ज्युनिअरचा चॅम्पियन सिनिअरला दिसेनासा होतो त्यामागे बरेचदा हेच असतं, मेहनत कमी पडली असं सरसकट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

ही कमी उंची सुरुवातीपासून नव्हती. २००४ च्या ग्रोसेटोपर्यंत जागतिक ज्युनिअरला मुलगे सिनिअरच्याच हर्डलवर धावायचे, २००६ च्या बीजिंगपासून खालचे हर्डल आले. म्हणून जुनी आणि नवी टायमिंग शेजारी ठेवून कोण भारी ते ठरवता येत नाही. १९८६ ला ब्रिटनचा कॉलिन जॅक्सन १३.४४ मध्ये जिंकला तो पूर्ण उंचीवर, पुढे १९९३ ला त्याने १२.९१ चा विश्वविक्रम केला. २००४ चा विजेता अमेरिकेचा एरिस मेरिट, त्यानेही पूर्ण उंचीवरच सोनं घेतलं आणि २०१२ ला ऑलिम्पिक जिंकून त्याच वर्षी १२.८० चा विश्वविक्रम केला. चीनचा लिऊ शियांग २००० ला सँटियागोत चौथा आला होता, मेडलसुद्धा नाही, आणि चार वर्षांनी अथेन्सला ऑलिम्पिक चॅम्पियन! ज्युनिअर वयात १०६.७ वर त्याने २००२ ला लोझानमध्ये काढलेली १३.१२ ही वेळ आजही बघावी अशी आहे.

खालच्या हर्डलवर फ्रान्सच्या विल्हेम बेलोसियनने २०१४ ला यूजीनमध्ये १२.९९ काढले, आणि २०२१ ला नैरोबीत फ्रान्सच्याच साशा झोयाने फायनल १२.७२ मध्ये मारली. हा आकडा सिनिअर विश्वविक्रमापेक्षाही कमी दिसतो म्हणून लोक दचकतात, पण हर्डल ९९.१ चा होता आणि नैरोबी उंचावर, तिथली हवा विरळ, तिचाही स्प्रिंटला फायदा होतो. तरी पोराचं कौतुक कमी होत नाही. रिझल्ट सांगताना हर्डलची उंची आणि वारा दोन्ही सांगायला हवेत, मागून वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत.

४०० मीटरची गोष्ट वेगळी, तिथे ज्युनिअर आणि सिनिअर दोघांनाही हर्डल ९१.४ चाच. पहिला ४५ मीटरवर, गॅप ३५ मीटर, शेवटी ४० मीटर. त्यामुळे ज्युनिअरची वेळ थेट सिनिअरशी लावता येते, जमैकाचा रोशॉन क्लार्क १९ वर्षांचा असताना २०२३ च्या बुडापेस्टच्या सिनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ४७.३४ धावला तो याच हर्डलवर. इथे डोकं लागतं ते पावलांच्या हिशोबाला. जागतिक दर्जाचे धावपटू गॅपमध्ये तेरा पावलं घेतात, बरेच ज्युनिअर पंधरा, पण दमल्यावर तेराची चौदा झाली की उडायचा पाय बदलतो, आणि दुसऱ्या पायाने उडायची सवय नसेल तर पोरगा हर्डलसमोर अडखळतो. वळणावर डावा पाय पुढे टाकणारे फायद्यात असतात, कारण उजवा पाय पुढे टाकला तर मागचा डावा पाय हर्डलच्या बाजूने खालून जाण्याची भीती असते आणि तसं झालं की बाद. हर्डल पडला म्हणून मात्र कोणी बाद होत नाही, मुद्दाम पाडला किंवा दुसऱ्याला अडथळा केला तरच.

भारताला या स्पर्धेत मेडलं मिळालीत, नीरज चोप्राचं २०१६ चं भाल्याचं सोनं, हिमा दासचं २०१८ चं ४०० मीटरचं, पण मुलग्यांच्या हर्डल्समध्ये अजून एकही नाही. सिनिअरमध्ये गुरबचन सिंग रंधावा १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ११० मीटर हर्डल्सला पाचवे आले होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं.

गोव्यात ही रेस बघायची तर जागा एकच डोळ्यासमोर येते, गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजजवळचं बांबोळीचं स्टेडियम. २०१४ च्या लुसोफोनिया गेम्सची (पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांची स्पर्धा) आणि २०२३ च्या नॅशनल गेम्सची अॅथलेटिक्स तिथेच झाली, आणि नॅशनल गेम्सला ११० मीटर हर्डल्सचं सोनं महाराष्ट्राच्या तेजस शिरसेने घेतलं. देवगाव रंगारीचा हा मुलगा पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये १३.४१ धावला आणि नॅशनल रेकॉर्ड त्याच्या नावावर झाला. आपल्याकडे उंच, चपळ पोरगा दिसला की तो आधी फुटबॉलला जातो, त्यात वाईट काही नाही, पण जांभ्याच्या मैदानावर लाकडी हर्डलला गुडघा फुटला की पोरगा दुसऱ्या दिवशी येत नाही आणि पावसाचे चार महिने तर बाहेर सराव जवळपास बंदच. त्या महिन्यांत शाळेच्या हॉलमध्ये पाच-सहा बुटके हर्डल, गॅप कमी करून, तीन पावलांची लय आणि ट्रेल लेग एवढंच घोटून घेता येतं, पूर्ण उंचीची घाई तेव्हा करूच नये, ९१.४ वर पाय स्वच्छ निघायला लागला की मगच ९९.१.