खेळाची कणीक

खेळाची कणीक : मैदा, मीठ, तेल, पाणी आणि थोडे आम्ल एकत्र शिजवून, मुलांनी हाताळावा म्हणून घरी केलेला मऊ गोळा. दोन ते सहा वर्षे हे तिचे मुख्य वय. बालवाडीत ‘क्ले’ आणि घरात ‘प्ले-डो’ ही नावे जास्त चालतात. त्यांपैकी दुसरे मुळात व्यापारी नाव आहे. शेत, समुद्रकिनारा, बाजार असा एखादा विषय धरून त्याला साजेसे रंग, वास, पोत आणि सुटे साहित्य या गोळ्याबरोबर ताटात मांडले, की तो विषयाधारित स्पर्शखेळ होतो.

‘कणीक’ हा शब्द रूढ असला, तरी तो नेमका नाही. ही वस्तू पोळीच्या कणकेपेक्षा मोदकाच्या उकडीला जवळची आहे. घरी ती बिघडते तेव्हा बहुधा हा फरक लक्षात घेतलेला नसतो.

उगम : लोकप्रिय माहितीत या कणकेचा जन्म अमेरिकेतील सिनसिनाटी येथे सांगितला जातो. तेथील कुटॉल ही साबण कंपनी १९३० नंतरच्या दशकात भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी टिपून काढणारा पिठाचा गोळा विकत असे. पुढे कोळशाच्या शेगड्या मागे पडल्या, धुता येणारे कागद आले आणि त्याची मागणी घटली. १९५४–५५ च्या सुमारास न्यू जर्सीतील बालवाडी शिक्षिका के झुफॉल यांनी तोच गोळा मुलांना खेळायला दिला आणि ‘प्ले-डो’ हे नाव सुचविले. त्यांचे नातलग, कुटॉल चालवणाऱ्या कुटुंबातील जोसेफ मॅकव्हिकर यांनी १९५६ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली. एकस्व (पेटंट) १९६५ मध्ये मिळाले.

हा इतिहास त्या विक्रीच्या वस्तूचा आहे. घरगुती कणकेचे मूळ मात्र त्याआधीचे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पीठ-मिठाच्या लगद्याने उठावाचे नकाशे करण्याची शालेय रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत होतीच. ब्रिटनमध्ये विल्यम हारबट यांनी १८९७ च्या सुमारास केलेली प्लॅस्टिसीन ही घडणीची माती तेलावर आधारित असल्याने वेगळ्या कुळातली. त्याहून मागे, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांच्या बालोद्यानात (१८४०) मातीकाम हा मुलांच्या नेमलेल्या हस्तव्यवसायांपैकी एक होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे परिसरात मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले; इथली आजची खेळाची ताटे त्या विचाराशी नाते सांगतात. पोळ्या चालू असताना मुलाच्या हाती कणकेची गोळी देण्याची रीत तर कोणत्याही पद्धतीआधीची आहे.

घडण : कच्च्या कणकेत ग्लुटेन (गव्हातील चिवट प्रथिन) ताणले जाते. त्यामुळे दाबलेला आकार मागे येतो आणि हात काढताच ठसा बुजतो. पाणी घालून शिजवले, की साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गव्हातील स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि ग्लुटेनची ओढ संपते. तांदळाच्या पिठीत ग्लुटेन नसतानाही उकडीला कळ्या पाडता येतात, त्या याच कारणाने. आषाढी अमावस्येचे कणकेचे दिवे आधी घडवून मग वाफवतात. येथे क्रम उलटा, आधी शिजवणे आणि मग घडवणे.

रूढ प्रमाण असे : २४० मिलि.चा एक कप मैदा (सुमारे १२५ ग्रॅम), पाव ते अर्धा कप बारीक मीठ, एक कप पाणी, एक मोठा चमचा (१५ मिलि.) तेल आणि आम्ल म्हणून दोन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर. हे शेवटचे केकच्या सामानाच्या दुकानात मिळते. त्याऐवजी अर्धा लहान चमचा लिंबूसत्त्व चालते. सर्व थंडच एकत्र करून गुठळ्या मोडाव्यात, मग मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत सतत ढवळावे. तीन ते पाच मिनिटांत मिश्रण कडा सोडून एका गोळ्यात येते. बोट लावल्यावर चिकटले नाही, की उतरवावे. कोमट असतानाच ओट्यावर दोन मिनिटे मळावे. एका वेळी याच्या दुपटीपेक्षा जास्त करू नये, कारण मधला भाग कच्चा राहून तळ करपतो. अर्ध्या किलोच्या आसपास निघणारा हा गोळा तीन मुलांना पुरतो.

मिठाच्या प्रमाणाबद्दल पाककृतींत एकमत नाही. १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि पाणी उकळले तरी ते ३९ च्या पुढे जात नाही. पाव कप म्हणजे ७२ ग्रॅम मीठ एक कप पाण्यात पूर्ण विरघळते. कणीक गुळगुळीत होते. अर्धा कप म्हणजे जवळजवळ १४५ ग्रॅम. त्यातले चाळीस टक्क्यांच्या आसपास विरघळतच नाही आणि बोटांना रवाळ लागते. आच वाढवून ते जात नाही. मात्र जास्त मीठ बुरशीला दूर ठेवते, म्हणून ती कणीक अधिक टिकते. रोज ताजी करणे शक्य असेल तर पाव कप, अंगणवाडीत महिनाभर वापरायची असेल तर अर्धा, आणि तेही मिक्सरमधून काढून, हा मधला मार्ग बरा.

मीठ हवेचीही खबर देते. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ ओल खेचते. म्हणून मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैमध्ये उघडी कणीक घामेजून चिकट होते. तीच कणीक मे महिन्यात नागपूरला तासाभरात तडकते आणि तिच्यावर पांढरे स्फटिक उमटतात. ती बुरशी नव्हे. चिकट झाली तर पुन्हा कढईत दोन मिनिटे परतावी. नुसता मैदा लावत गेल्यास तो कच्चाच राहतो. कोरडी पडली तर ओल्या हाताने, थोडे तेल घेऊन मळावी.

गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक विकार असलेल्या मुलासाठी तांदळाच्या पिठीची उकड करून त्यात पाव कप मीठ घालतात. ती फ्रिजमध्ये ठेवू नये. तांदळाचा स्टार्च थंडाव्यात पटकन ताठरतो आणि मोदकाच्या पारीप्रमाणे कणीक चिरते.

रंग : हळद उत्तम पिवळा देते, पण कपड्यांना लागते आणि उन्हात उडते. बिटाचा रस शिजताना तपकिरीकडे झुकतो, तो उतरवल्यावर मळावा. पालकाचा हिरवा आम्लाने शेवाळी होतो. गोकर्णीच्या फुलांचा निळा हवा असेल तर आम्ल वगळावे. लिंबूसत्त्व पडताच तो जांभळा होतो. चार वर्षांच्या मुलासमोर निळ्या गोळ्यात लिंबाचे दोन थेंब पाडून मळायला दिले, तर तो बदल त्याच्या स्वतःच्या हातात घडतो, आणि ताटातले बाकी सगळे साहित्य काही काळ बाजूला पडते.

पेरणीचे ताट : विषयाधारित मांडणीचे हे एक चांगले उदाहरण. पाण्याऐवजी कोरा चहा वापरून तपकिरी कणीक करतात आणि धुऊन उन्हात वाळवलेला चहाचा चोथा दोन मोठे चमचे तीत मळतात. हाताला मातीसारखी खर लागते. हा गोळा परातीत बोटभर जाड थापून देतात. जेवणाचा काटा ओढला की तिफणीसारख्या काकऱ्या पडतात, रिकाम्या रिळाने गाडीवाट उमटते. तीन वर्षांवरील मूल राजमा एकेक करून दाबते, उपटते, उरलेल्या खळग्यात बोट घालून पाहते आणि पुन्हा तिथेच दाबते. चिमटीची आणि मनगटाची ताकद या दाबण्या-उपटण्यात येते. पुढे खडू-पेन्सिल धरायला तीच लागते. मिठामुळे दाण्यांना मोड येत नाहीत, हे मुलांना आधी सांगावे आणि शेजारी कुंडीतही चार दाणे पेरावेत. दाणे, पाने अडकलेला गोळा परत डब्यात ठेवू नये, त्यांच्याभोवती बुरशी आधी धरते.

साहित्य किती द्यावे याविषयी दोन प्रवाह आहेत. तयार साच्यांनी मूल लवकर रमते. करंजीचे कातणे, चकलीचा सोऱ्या, मूद पाडायची वाटी ही घरातली साधने त्यातच मोडतात. ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या ‘सुट्या भागां’च्या विचारानुसार मात्र ज्याचा उपयोग आधीपासून ठरलेला नाही अशी वस्तूच अधिक सुचू देते. सोऱ्या आणि लाटणे ठेवून प्राण्यांचे साचे कमी करणे श्रेयस्कर, कारण साच्यातून बैल एकदम निघतो, हाताने करताना शिंगे कुठे बसतात ते पाहावे लागते.

या खेळाला ‘संवेदन-उपचार’ म्हणणे घाईचे आहे. ज्ञानेंद्रियांच्या समन्वयाची उपचारपद्धती अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी मांडली. तिच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित असल्याची सावधगिरी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये नोंदवली आहे.

दक्षता : अर्धा कप मीठ घातलेल्या कणकेत वजनाने सुमारे तीस टक्के मीठ असते, दहा ग्रॅमची गोळी गिळली तर जवळजवळ तीन ग्रॅम मीठ पोटात जाते. ब्रिटनमध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसभराची मर्यादा दोन ग्रॅम मानतात. म्हणून सर्व तोंडात घालणाऱ्या मुलाला बिनमिठाची, त्याच दिवशी टाकून द्यायची उकड करावी. न शिजवलेल्या पिठात रोगजंतू असू शकतात, तेव्हा ‘नुसती मळून’ करायच्या कृती टाळाव्यात. तीन वर्षांखाली वाटाणे, मणी, बटणे नकोत. गुंजा, एरंडाच्या आणि चंद्रज्योतीच्या बिया दिसायला सुरेख असल्या, तरी विषारी आहेत. त्या कोणत्याही वयाच्या ताटात नसाव्यात. हाताला खरचटले असेल त्या दिवशी मिठाची कणीक झोंबते.

वापरून झालेली कणीक मोरीत टाकल्यास नळी तुंबते आणि कुंडीत पुरल्यास मिठाने झाड जळते. उरलेली पोळी द्यावी तशी ती गायीला किंवा कुत्र्याला घालू नये, एवढे मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतते. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकावी.