ओडेनवाल्डमधले फाशीचे खांब

जर्मनीच्या हेसन राज्यात, ओडेनवाल्ड या डोंगराळ जंगलपट्ट्यात बेअरफेल्डन नावाचं छोटं गाव आहे. गावाबाहेरच्या उंचवट्यावर, लिंडेनच्या झाडांमध्ये, तांबड्या वालुकाश्माचे तीन खांब त्रिकोणात उभे आहेत. उंची सुमारे 5 मीटर, वर निमुळते होत गेलेले, माथ्यावर तिन्हींना जोडणाऱ्या आडव्या तुळया. इथे माणसांना फाशी देत. इतकं शाबूत राहिलेलं वधस्थळ जर्मनीत क्वचितच सापडतं.

पूर्वी इथे लाकडी खांब होते. लाकूड खाणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात, आणि त्या दोन्ही जमिनीलगत भरपूर मिळतात. म्हणून रोवलेला खांब सर्वांत आधी तिथेच कुजतो. 1597 मध्ये इथे दगडी खांब उभारले गेले. परिसरातला हा वालुकाश्म सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा. लोहाच्या ऑक्साइडमुळे तो तांबडा दिसतो.

वधस्थळ उंचावर आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेत असे. लोकांना जरब बसावी हा हेतू होताच, पण मृत्युदंड देण्याचा अधिकार इथल्या सत्तेकडे आहे, हेही खांब लांबूनच सांगत. तेव्हा हा भाग ज्यात होता त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राट पाचव्या चार्ल्सच्या 1532 च्या दंडसंहितेत मोठ्या किंवा वारंवार केलेल्या चोरीला मृत्युदंड होता. बेअरफेल्डनची शेवटची फाशी 1804 मधली. एक कोंबडी आणि दोन पाव चोरल्याबद्दल एका जिप्सी बाईला इथे लटकवलं, असं सांगतात. पोटासाठी केलेल्या चोरीची ही शिक्षा वाचून आजही संताप येतो.

अशा माणसांविषयी खांबांपेक्षा खांबांखालची माती जास्त सांगते. गुन्हेगाराला गावच्या दफनभूमीत जागा नसे. प्रेत कित्येकदा कुजून गळून पडेपर्यंत टांगलेलं राही, मग हाडं तिथल्याच खड्ड्यात लोटली जात. जर्मनीतल्याच क्वेडलिनबुर्ग शहराजवळच्या टेकडीवर पुरातत्त्वज्ञांना असे हाडांचे खड्डे सापडले आहेत. वधस्थळांच्या उत्खननात उथळ खड्ड्यात पालथे टाकलेले सांगाडेही मिळतात. काहींचे हात अशा स्थितीत असतात की ते बांधलेले असावेत.

मानेच्या मणक्यांवर मात्र बहुधा खूण नसते. दोषीला शिडीवर चढवून, गळ्यात फास अडकवून खाली ढकलत. पडण्याचं अंतर इतकं कमी असे की मान मोडत नसे. फासाने मेंदूचा रक्तपुरवठा आणि श्वास दाबला जाऊन जीव जाई. मान मोडण्याइतकी उंची हिशेबाने ठरवण्याची पद्धत 19व्या शतकाच्या उत्तरार्धात आली. त्यामुळे नुसत्या हाडांवरून फाशी सिद्ध करणं कठीण जातं. सांगाडा कसा पडला आहे, कुठे आहे, सोबत साखळीची कडी किंवा बक्कल आहे का, यावरच संशोधकांची भिस्त असते.

वालुकाश्मावरची माती आम्लधर्मी असते आणि आम्लात हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट हळूहळू विरघळतं. ज्या दगडाने बेअरफेल्डनचे खांब टिकवले, त्याच्याच मातीत तिथे पुरलेल्यांची हाडं टिकणं अवघड.