हिमनदीचे वस्तुमान-संतुलन आणि समुद्रपातळी

हिमनदीवर वर्षभरात साठलेले हिम आणि त्याच वर्षात तिने गमावलेला बर्फ यांतील फरक म्हणजे तिचे वस्तुमान-संतुलन. हा सरळ जमाखर्च आहे, फक्त रक्कम पाण्यात मांडतात. संतुलन ‘उणे अर्धा मीटर’ म्हणजे सबंध हिमनदीवर सरासरी अर्धा मीटर उंच पाण्याच्या थराइतके नुकसान.

लोकांच्या नजरेत भरते ते मात्र वेगळेच माप : हिमनदीचे मुख, म्हणजे तिचे खालचे टोक, किती मागे सरकले. गंगोत्रीचे मुख, म्हणजे गोमुख, १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडन यांनी नकाशावर आणले आणि तेव्हापासून ते मागे हटत असल्याची नोंद आहे. हे माप सोपे, पण फसवे. वरच्या भागात कमी-अधिक हिम पडल्याचा परिणाम मुखापर्यंत पोहोचायला कित्येक वर्षे, मोठ्या हिमनदीत कित्येक दशके लागतात. शिवाय हिमालयातल्या अनेक हिमनद्यांचा खालचा भाग दगडधोंड्यांनी झाकलेला असतो. तिथे मुख जागच्या जागी राहते आणि बर्फ मात्र जाडीत झिजत जातो. मुख हलले नाही म्हणजे हिमनदी ठणठणीत आहे असे नव्हे.

खरा हिशेब जागेवर जाऊनच होतो. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पितीमधील छोटा शिग्री ही सुमारे १५ चौ. किमी. क्षेत्रफळाची हिमनदी २००२ पासून सलग मोजली जात आहे. तिच्या खालच्या भागात, म्हणजे जिथे साठण्यापेक्षा झीज जास्त होते त्या अपक्षरण क्षेत्रात, वाफेच्या छिद्रकाने बर्फात खोल भोके पाडून बांबूच्या काठ्या रोवतात. उन्हाळा सरल्यावर काठीचा जितका जास्त भाग उघडा पडलेला दिसेल तितका बर्फ गेला. वरच्या संचयन क्षेत्रात खड्डा खणून वर्षभराच्या हिमाची जाडी आणि घनता मोजतात, कारण ताजे भुसभुशीत हिम आणि जुना बर्फ एकाच मापाने धरता येत नाहीत. हिशेबाचे वर्ष सप्टेंबरअखेर संपते. छोटा शिग्रीची सरासरी घट दरवर्षी अर्ध्या मीटर पाण्याच्या आसपास आहे. स्वीडनमधील स्टोरग्लेसियेरेन या हिमनदीची अशीच वही १९४५-४६ पासून अखंड चालू आहे. जगात दोन लाखांहून अधिक हिमनद्या आहेत आणि त्यांपैकी अशा काठ्या लागलेल्या अगदी मोजक्या. मोजमाप तुटपुंजे असले की भलती विधाने खपून जातात. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक संस्थेच्या २००७ च्या अहवालातील विधान असेच निराधार निघाले आणि २०१० मध्ये संस्थेला चूक मान्य करावी लागली.

उरलेल्या हिमनद्यांसाठी उपग्रह लागतात. वेगवेगळ्या वर्षांतील उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा केले की आकारमानातील फरक मिळतो. मग घनता गृहीत धरून त्याचे वजन काढतात. २००२ मध्ये सोडलेली आणि २०१७ पर्यंत चाललेली ग्रेस ही उपग्रहांची जोडी थेट वजनच करत असे. एकामागोमाग सुमारे २२० किमी. अंतरावर उडणाऱ्या या दोन उपग्रहांमधील अंतर खालच्या वस्तुमानाच्या ओढीने सूक्ष्म प्रमाणात बदलत असे. हिमालयात मात्र ही पद्धत अडखळते. पायथ्याच्या पंजाब-हरियाणात शेतीसाठी इतके भूजल उपसले जाते की ती घटही बर्फाच्या घटीत मिसळते.

आता समुद्र. जगाच्या समुद्रांचे क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौ. किमी. आहे, त्यामुळे पातळी १ मिमी. वाढायला साधारण ३६२ अब्ज टन बर्फ वितळावा लागतो. एकट्या छोटा शिग्रीला आजच्या गतीने हे साधायला चाळीस हजारांहून अधिक वर्षे लागतील, अर्थात तोवर ती उरली तर! पण सगळ्यांची बेरीज मोठी आहे : २००० ते २०२३ या काळात ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या हिमचादरी, म्हणजे तिथली जमीन झाकणारे बर्फाचे प्रचंड थर, वगळता उरलेल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला आणि समुद्र एकूण सुमारे १८ मिमी. वर आला. या सगळ्या हिमनद्या संपल्या तरी पातळी सुमारे एक तृतीयांश मीटरच वाढेल; ग्रीनलंडच्या बर्फात सात मीटरहून अधिक आणि अंटार्क्टिकात जवळपास ५८ मीटर वाढीइतके पाणी आहे. लहान हिमनद्या आधी आणि झटपट वितळतात, म्हणून आज त्यांचा वाटा त्यांच्या आकाराच्या मानाने मोठा. पाणी तापून फुगते, ती वाढ वेगळी. समुद्रावर आधीच तरंगणारा बर्फ वितळल्याने मात्र पातळी जवळजवळ वाढत नाही.

छोटा शिग्रीचे पाणी चंद्रा, चिनाब, सिंधू असे वाहत अरबी समुद्राच्या वाटेला लागते. म्हणून मुंबईला धोका तिथूनच येतो असे वाटू शकते, पण ओतलेले पाणी सगळ्या महासागरांत पसरते, आणि तेही समान नाही. बर्फाचा मोठा साठा भोवतालचे समुद्राचे पाणी गुरुत्वाकर्षणाने स्वतःकडे ओढून धरतो. साठा घटला की ओढ सैल होते आणि भोवतालची जमीनही किंचित वर उचलली जाते. परिणामी ग्रीनलंड वितळताना त्याच्या लगतच्या किनाऱ्यावर पातळी उतरते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढते. कोकण किनारा दोन्ही हिमचादरींपासून दूर आहे.

मुंबईच्या अपोलो बंदरातील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची, आशियातील सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक आहे. भरतीमापक पाणी मोजतो ते ज्या जमिनीवर तो उभा आहे तिच्या संदर्भात. जमीन खचत असेल तर तेही त्याच्या आकड्यात येते. १९९३ पासून उपग्रहातील रडार-उंचीमापकांची अखंड मालिका मिळू लागली, तेव्हा कुठे पाण्याचे चढणे आणि जमिनीचे खचणे हे दोन भाग वेगळे करणे सोपे झाले.