सोळा वेळा पडलेला सावामुरा

कराटेत सुनदोमे असा एक शब्द आहे. सुन हे जपानी माप, साधारण 3 सेंटीमीटर. बुक्का समोरच्याच्या चेहऱ्यापासून एवढ्या अंतरावर पोचला की थांबवायचा. पूर्ण जोर लावून सोडलेला हात नेमका तिथे रोखणं ही सोपी गोष्ट नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. पण तो बुक्का खरंच लागला असता तर समोरचा पडला असता का, हे सांगायला कोणी तयार नव्हतं. जपानी किकबॉक्सर तादाशी सावामुराची सगळी कारकीर्द या एका प्रश्नातून उभी राहिली, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

प्रश्न त्याच्या आधीपासून घोळत होता. प्रत्यक्ष मार लागेल अशा कराटेसाठी कराटे शिक्षक तात्सुओ यामादा यांनी नोव्हेंबर 1959 मध्ये एका नव्या खेळाचा आराखडाच मांडला आणि त्याला तात्पुरतं नाव दिलं ‘कराटे-बॉक्सिंग’. पुढच्याच महिन्यात, 20 डिसेंबरला, टोकियोतल्या असाकुसा भागात थाई लढवय्यांची मुएथाईची, म्हणजे थायलंडच्या पारंपरिक मुष्टियुद्धाची, लढत झाली आणि हात, पाय, गुडघे, कोपर सगळंच चालतं असा खेळ जपानी प्रेक्षकांना जवळून दिसला. मग 12 फेब्रुवारी 1964 रोजी कराटेगुरू मासुतात्सु ओयामा यांच्या डोजोतले, म्हणजे कराटेच्या शाळेतले, तिघे बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियममध्ये उतरले. तादाशी नाकामुरा आणि अकिओ फुजिहिरा जिंकले, आणि त्यांच्यातले वडीलधारे केंजी कुरोसाकी थाई कोपराच्या माराने हरले. जपानमध्ये दोन विजयांचं कौतुक झालं. कुरोसाकींच्या मनात मात्र स्वतःची हार घर करून बसली आणि पुढे बरंच काही त्या हारेतूनच घडलं.

अशा खेळाला ‘किकबॉक्सिंग’ हे आज जगभर चालणारं नाव दिलं ओसामु नोगुची या बॉक्सिंग प्रवर्तकाने, म्हणजे लढती भरवणाऱ्या माणसाने. थायलंडशी त्याचा धंद्याचा संबंध होता आणि मुएथाईत पैसा आहे हे त्याने ओळखलं होतं. त्याला हवा होता एक जपानी चेहरा. तो त्याला विद्यापीठीय कराटेत सापडला. मंचुरियात 1943 साली जन्मलेला हा तरुण, खरं नाव हिदेकी शिराहा, रिंगमधलं नाव तादाशी सावामुरा. 11 एप्रिल 1966 रोजी ओसाकात किकबॉक्सिंगचा पहिला कार्यक्रम झाला आणि तिथे सावामुरा नॉकआउटने जिंकला. त्या काळच्या नियमांत डोक्याची धडक आणि उचलून फेकणंही बसत होतं, ते पुढे काढून टाकलं गेलं.

आणि मग आला 21 जून. टोकियोत समोर होता थायलंडचा सामान सोर अदिसोर्न. त्या लढतीत सावामुरा सोळा वेळा खाली पडला आणि चौथ्या राऊंडला नॉकआउट झाला. सोळा वेळा पडला याचा अर्थ शेवटची सोडून पंधरा वेळा तो पुन्हा उभा राहिला. रेफरीचे आकडे चालू असताना कॅनव्हासवर हात टेकायचा, एक गुडघा सरळ करायचा, दोर धरायचा आणि त्याच माणसासमोर परत जायचं. पंधरा वेळा.

असं का व्हावं? तेव्हाच्या कराटे स्पर्धेत एक घाव नीट बसल्यासारखा दिसला की पंच लढत थांबवायचा, गुण द्यायचा आणि दोघांना परत आपापल्या जागी उभं करायचा. मुएथाईत त्या घावानंतरच खरं काम सुरू होतं. मांडीवर लाथ बसते, तीच पुन्हा त्याच जागी बसते, मग मान दोन्ही हातांनी खाली ओढून बरगड्यांत गुडघा येतो. लांबून झेप घेऊन मारायची सवय असलेल्या माणसाला गळ्यात पडलेल्या प्रतिस्पर्ध्याचं काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं. त्याची हिंमत तसूभरही कमी नव्हती. कमी पडलं ते शिक्षण.

सावामुराने खेळ सोडला नाही. त्याने थाई गुडघा उचलला आणि त्यात आपली कराटेची झेप मिसळली. त्यातून त्याचं प्रसिद्ध अस्त्र तयार झालं: शिनकू तोबी हिझा गेरी, म्हणजे निर्वातातली उडती गुडघा-लाथ. अंग हवेत उचलून गुडघा थेट समोरच्याच्या जबड्यावर. 1968 पासून टीबीएस वाहिनीवर हे घरोघरी दिसू लागलं. कार्यक्रमाचा प्रायोजक होता वायकेके, आपल्या पँटच्या चेनवर ज्याची तीन अक्षरं असतात तोच. सावामुरावर मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, निघाली, कार्टून मालिका आली. 1973 साली जपानचा व्यावसायिक खेळाडूंचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. त्याच वर्षी बेसबॉलचा देव सादाहारु ओह याने फलंदाजीचे तिन्ही किताब एकट्याने पटकावले होते, तरीही.

त्याची आकडेवारी अशी: 241 लढती, 232 विजय, त्यातले 228 नॉकआउट, 5 पराभव, 4 बरोबरी. हे वाचून कोणीही थबकेल. समोरचे सगळेच काही अव्वल नव्हते, आणि काही लढतींच्या खरेपणाबद्दल जपानमध्येच शंका घेतल्या गेल्या. त्या शंका झटकून टाकाव्यात असं मी म्हणणार नाही. दर आठवड्याला टीव्हीला नायक हवा असतो आणि नायकाला विजय हवा असतो. पण जूनची ती रात्र कोणी रचली असेल असं मला वाटत नाही. आपल्या नव्या ताऱ्याला सोळा वेळा पाडून घ्यायचं कोणता प्रवर्तक ठरवेल?

इकडे कुरोसाकींनी 1969 मध्ये मेजिरो जिम काढली. त्यांचा शिष्य तोशिओ फुजिवारा 18 मार्च 1978 रोजी बँकॉकच्या राजादम्नर्न स्टेडियमचा मुएथाई किताब जिंकणारा पहिला बिगर-थाई ठरला. त्याच वर्षी यान प्लास या डच शिष्याने मेजिरोचं नाव ॲमस्टरडॅमला नेलं, आणि डच किकबॉक्सिंगचं मूळ शोधायला गेलं की त्या जिमशी यावंच लागतं.

सावामुरा 1976 मध्ये शेवटचं लढला. 10 ऑक्टोबर 1977 ला निवृत्तीचा समारंभ झाला आणि त्यानंतर तो लोकांच्या नजरेतून इतका पूर्णपणे बाजूला झाला, की तो गेल्याच्या अफवा अधूनमधून उठत राहिल्या. 26 मार्च 2021 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचं निधन झालं. वय 78.