लिलियन रसेल आणि तिचा आवाज

नोव्हेंबर १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाट्यगृहचालक टोनी पास्टरने एक नवी गायिका रंगमंचावर आणली आणि जाहिरातीत तिला ‘इंग्लिश बॅलड गाणारी’ ठरवून टाकलं. मुलगी होती आयोवातल्या क्लिंटन गावची, वाढलेली शिकागोत. नाव हेलन लुईझ लिओनार्ड. ‘लिलियन रसेल’ हे नाव पास्टरकडे मिळालं आणि तेच कायम राहिलं.

हा पास्टर चतुर गृहस्थ. तोवर व्हरायटीचे, म्हणजे गाणी, नाच, विनोद यांची सरमिसळ असलेले खेळ म्हणजे बिअर, धूर, चावट विनोद आणि पुरुषांची गर्दी. बायका-मुलं आली तर तिकिटं दुप्पट खपतील, हे त्याने हेरलं. १८८१ मध्ये १४ व्या रस्त्यावर नवं नाट्यगृह उघडताना त्याने दारू आणि अचकटविचकटपणा बाहेर ठेवला. प्रेक्षकांना पिठाची पिंपं, कपड्यांचे नमुने बक्षीस वाटले. व्हॉडव्हिल या अमेरिकेतल्या कुटुंबासह बघायच्या व्हरायटी खेळांची पायाभरणी इथली मानतात. अशा ठिकाणी तालमीतला गळा हवाच होता, आणि लिलियन तर संगीत संचालक लिओपोल्ड डॅमरॉशकडे गंभीर ऑपेरा शिकायला न्यूयॉर्कला आली होती.

पास्टरकडे तिने लेखक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन या इंग्रज जोडीच्या ‘पायरेट्स’ या कॉमिक ऑपेराच्या विडंबनात काम केलं, वर्षभरात ती त्यांच्या खऱ्या कॉमिक ऑपेरांत दिसू लागली. १८८३ मध्ये संगीतकार एडवर्ड सॉलोमनबरोबर ती लंडनला गेली. तिथे याच जोडीच्या ‘प्रिन्सेस आयडा’च्या तालमींत गिल्बर्टशी खटके उडाले आणि भूमिका हातची गेली. सॉलोमनशी तिने लग्न केलं. पुढे त्याची पहिली बायको हयात असल्याचं उघड झालं आणि त्याला अटक झाली.

न्यूयॉर्कच्या कसिनो थिएटरमधली वर्षं मात्र तिचीच. १८९० मध्ये लांब पल्ल्याच्या टेलिफोनचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा तारेवरून बॉस्टन आणि वॉशिंग्टनपर्यंत गेलं ते तिचंच गाणं. वर्तमानपत्रांना मात्र तिच्या टोप्या आणि ‘डायमंड जिम’ ब्रॅडी या धनाढ्य उद्योजकाबरोबरची जेवणं यांतच जास्त रस. तिची आई सिंथिया लिओनार्ड १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभी राहिली होती, तेही बायकांना तिथे मतदानाचा हक्क नसताना. मुलगीही पुढे त्या हक्कासाठी मोर्चात चालली.

१८९९ मध्ये ती वेबर आणि फील्ड्स या विनोदी जोडीच्या म्युझिक हॉलमध्ये गेली. म्हणजे फिरून विडंबनाकडेच. त्यांचा संगीतकार जॉन स्ट्रॉम्बर्ग १९०२ च्या जुलैत वारला. त्याच्या खिशात ‘कम डाउन मा इव्हनिंग स्टार’ हे गाणं सापडलं, असं सांगतात. ते तिचं ओळखगीत झालं. पुढे गळा साथ देईना, तेव्हा ती गद्य विनोदी नाटकांकडे वळली. ६ जून १९२२ रोजी पिट्सबर्गमध्ये तिचं निधन झालं.

तेच गाणं तिने १९१२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, पण तबकडी तेव्हा बाजारात आली नाही. आज ती ऐकायला मिळते, मात्र तिच्यातला गळा पन्नाशीचा आणि थकलेला आहे, कसिनोतला नव्हे.